अन्न, अक्षर आणि धंदा

मिशनरी संस्थांच्या सेवाकार्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणास त्यात केवळ भूतदया दिसते, कोणास केवळ धर्मांतराचा हेतू. त्या वादाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. दारिद्र्याने मोडलेल्या कुटुंबास मदत करावयाची, म्हणजे नेमके काय करावयाचे? आपल्या सरहद्दीला लागून असलेल्या बिदर-गुलबर्गा भागातील एका शाळेचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

१९१२ साली मनोरमाबाई मेधावी यांनी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे एक ख्रिस्ती हायस्कूल सुरू केले. त्यास त्यांच्या मातोश्री पंडिता रमाबाई यांचे साहाय्य होते. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि लोकांच्या घरांत कानडी, मराठी, तेलुगू, अशी तेथील स्थिती होती. बिदरमध्येही मेथॉडिस्ट मिशनने शाळा व रुग्णालय चालविले. परंतु गुलबर्ग्याच्या शाळेमागील विचार समजून घ्यावयाचा तर आपणास त्याच लोहमार्गाने मागे, पुणे जिल्ह्यातील केडगावी, जावे लागेल.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत तीर्थाटन करीत असता त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघेही थोड्याच काळात उपासमारीला बळी पडली. रमाबाई त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दुष्काळात कुटुंब एकदम मोडत नाही. प्रथम गुरे विकली जातात, मग भांडीकुंडी, मग जमीन. कर्ता पुरुष कामाच्या शोधात परगावी जातो. शेवटी मागे उरतात विधवा, म्हातारी माणसे आणि मुली. त्यांना दोन घास घातल्याने जीव वाचतो, पण पाऊस पडल्यावर ती जाणार कोठे? म्हणून केडगावी अन्नाच्या पाठोपाठ अक्षरओळख आली आणि अक्षरांच्या पाठोपाठ धंदा आला. विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धशाळा, छापखाना अशी अनेक कामे तेथे शिकविली जात. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याचे श्रेय मनोरमाबाईंचे. आश्रितांनी जन्मभर आश्रित राहू नये, हे या रचनेचे सूत्र होते.

आता वादाचा प्रश्न. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८८९ साली मुंबईत उघडलेल्या त्यांच्या शारदा सदनात धर्मप्रसार होतो, असा आक्षेप निघाला आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. हा आक्षेप क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. उपाशी माणसाची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न अन्न देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, स्वतःस विचारलाच पाहिजे. मात्र आक्षेप घेणाऱ्या समाजावरही एक जबाबदारी येते. त्या विधवांना नि त्या मुलींना दुसरे दार कोणी उघडले होते? फार थोड्यांनी. १८९६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले, तेव्हा या प्रश्नाला दिलेले ते एक कृतिशील उत्तरच होते.

१९२१ साली मनोरमाबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. केडगावचे कार्य मात्र आजही चालू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर-गुलबर्गा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याचे मागासलेपण ओळखून २०१२ साली घटनादुरुस्तीने त्यास विशेष तरतूद मिळाली. तरीही तुरीचे पीक पावसावर अवलंबून आहे आणि हंगाम फसला की माणसे हैदराबाद, पुणे, मुंबईच्या बांधकामांवर जातात. आईबापांबरोबर मूल जाते आणि त्याची शाळा तुटते.

यास्तव कोणत्याही मदतकार्याची परीक्षा एकाच कसोटीवर करावी. मदत थांबल्यावर ते कुटुंब स्वतःच्या पायांवर उभे राहते काय? शिधा महिनाभर पुरतो. हातातील धंदा आणि मुलाची शाळा यांचा आधार पुढच्या दुष्काळातही टिकतो. मदत करणाऱ्याचा धर्म कोणता, हे आपण अवश्य विचारावे. परंतु ते विचारण्यापूर्वी आपल्या गावातील कोणते मूल यंदा शाळेतून उठले, याची चौकशी आपण केली आहे काय?