बाण वरून, आडोसा खाली

सेंट सेबॅस्टियन म्हटलं की इटालियन चित्रकारांचा एक ठरलेला फंडा. देखणा तरुण, अंगावर जेमतेम वस्त्र, खांबाला बांधलेला आणि सर्वांगात बाण. पण टस्कनीतल्या सान जिमिन्यानो गावच्या सान्त अगोस्तिनो चर्चमधला सेबॅस्टियन पाहून मी चक्रावलेच. हा पठ्ठ्या चक्क पूर्ण कपड्यांत! अंगावर साधा ओरखडाही नाही.

साल १४६४. बेनोझ्झो गोझोली या चर्चमध्ये संत ऑगस्टिनचं आयुष्य भिंतींवर रंगवत होता. तेवढ्यात प्लेग आला. १३४८च्या साथीने हे गाव आधीच एकदा पुरतं खिळखिळं केलं होतं. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मग गोझोलीने त्याच चर्चमध्ये हे भित्तिचित्र काढलं.

पण बाणच का? प्लेगचा जंतू सापडला तो १८९४मध्ये, हाँगकाँगला. तोवर लॉजिक साधं होतं, देव रागावलाय आणि वरून बाण मारतोय. सेबॅस्टियन हा रोमन सैनिक बाण लागूनही वाचला, अशी कथा. म्हणजे या केसचा स्पेशालिस्टच!

चित्रात सगळ्यात वर बाण उगारलेला देवपिता. त्याच्यापुढे येशू गुडघे टेकून आपल्या जखमा दाखवतोय. मरिया तर छाती उघडी करून, तुझ्या लेकाला मी या दुधावर वाढवलंय, अशी जणू आठवण देतेय. बाबा भडकले की आपल्याकडे आई मध्ये पडते ना, अगदी तस्संच! खाली सेबॅस्टियनचा झगा देवदूतांनी छत्रीसारखा पसरून धरलाय. त्याखाली दाटीवाटीने गावातले बायका-पुरुष. झग्यावर आदळून बाण मोडतायत.

मला हे चित्र भिडतं ते इथे. गोझोलीला बाणांनी विंधलेला सेबॅस्टियन काढता येत नव्हता, असं नाही. थोड्याच काळात याच गावच्या मुख्य चर्चमध्ये त्याने तोही रंगवला. पण माणसं मरत असताना गावाला देखणा हुतात्मा नको होता, डोक्यावर आडोसा हवा होता. २०२०मध्ये दारं लावून बसलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

फ्लोरेन्सची ट्रिप ठरवताय? सान जिमिन्यानोच्या १४ उंच मनोऱ्यांचे फोटो तर तुम्ही काढालच. पण या चर्चमध्येही जा, आणि झग्याखालच्या माणसांकडे जरा निवांत बघा.