एका तव्यातील जिताडा-संत्रे : सालीची चव आणि बागेतील दक्षता

चेन्नईच्या मासळी बाजारात ‘कोडुवा’ या नावाने ओळखला जाणारा मासा म्हणजेच रायगडच्या खाडीकाठचा जिताडा. खाडीत व गोड्या पाण्यातही वाढणारा हा मासा अंडी मात्र खाऱ्या पाण्यातच घालतो. त्यामुळे तळ्यात त्याचे संवर्धन करणाऱ्यांना दीर्घकाळ निसर्गातून पकडलेल्या पिलांवर विसंबून राहावे लागे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने (सिबा) १९९७ मध्ये बंदिस्त अवस्थेत जिताड्याचे यशस्वी प्रजनन घडवून आणले आणि उबवणी केंद्रातील बीजाचा मार्ग खुला झाला.

ईशान्य मोसमी पावसामुळे चेन्नईची समुद्री मासेमारी वारंवार थांबते, त्याच सुमारास विदर्भात आंबिया बहाराच्या संत्र्यांची काढणी सुरू असते. तळ्यातील मासा आणि हंगामी फळ यांची एकाच तव्यात सांगड घालणारी पुढील कृती सोपी आहे. मात्र ती बागायतदारावर एक जबाबदारीही टाकते.

साहित्य (चौघांसाठी)

जिताड्याचे तुकडे ५०० ग्रॅम, संत्री २, कागदी लिंबू १, कांदा १, लसूण ८ पाकळ्या, हिरव्या मिरच्या २, कढीपत्ता, तेल २ मोठे चमचे, हळद अर्धा चमचा, मिरपूड आणि चवीपुरते मीठ.

कृती

तुकड्यांना हळद-मीठ लावून १५ मिनिटे ठेवावे. संत्री स्वच्छ धुऊन एका फळाच्या सालीचा केवळ केशरी भाग किसून अर्धा चमचा कीस घ्यावा. आतील पांढरा भाग कडू असल्याने तो टाळावा. फोडींवरील पातळ आवरण व बिया काढून गर वेगळा करावा. पसरट, झाकणाच्या स्टीलच्या तव्यात तेल तापवून कढीपत्ता, लसूण, मिरची व कांदा परतावा. कांदा मऊ झाल्यावर तो कडेला सारून मासा दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजावा. सालीचा कीस व मिरपूड घालून, झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे पाच मिनिटे शिजवावे. मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की आच बंद करावी. त्यानंतरच संत्र्याचा गर व लिंबाचा रस घालावा. गरम भातासोबत वाढावे.

क्रमामागील शास्त्र

माशाच्या उग्र वासास कारणीभूत असलेली अमाइन संयुगे आम्लाशी संयोग पावून कमी बाष्पशील होतात. म्हणून लिंबू पिळताच वास सौम्य होतो. संत्र्याचा रस उकळल्यास बिया व आवरणातील घटकांपासून लिमोनिन तयार होऊन कडवटपणा वाढतो, शिवाय ‘क’ जीवनसत्त्वही घटते. त्यामुळे गर व रस शेवटी घालणे योग्य. एक गैरसमज मात्र दूर व्हावा. लिंबाच्या रसाने मासा पांढरा दिसू लागला तरी तो शिजलेला नसतो. त्यातील जंतू व परजीवी आम्लाने खात्रीने मरत नाहीत. पूर्ण शिजवणे अनिवार्य आहे.

साल तव्यात जाते तेव्हा

संत्रे सोलून खाताना सालीवरील कीटकनाशकाचा बराचसा अंश सालीसोबत टाकला जातो. साल किसून वापरल्यास हे संरक्षण उरत नाही. सालीतील मेण व तेलग्रंथींत मुरलेले अंश केवळ पाण्याने धुऊन पूर्णपणे निघत नाहीत.

आंबिया बहारात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. फळे पक्व होऊ लागताच रस शोषणारे पतंग रात्री बागेत येतात, सोंडेने फळास छिद्र पाडतात आणि ते फळ सडून गळते. घाबरून काढणीच्या तोंडावर फवारणी केली जाते. परंतु या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर पोसल्या जातात. प्रौढ पतंग बाहेरून येत असल्याने फळांवरील फवारणीचा लाभ मर्यादित आणि अवशेषांचा धोका मोठा ठरतो. त्याऐवजी बागेभोवतीच्या या वेली काढाव्यात, गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत आणि संध्याकाळी बागेत धूर करावा. छिद्र पडलेली फळे विक्रीस व स्वयंपाकासही वापरू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महिला बचत गटांच्या मेळाव्यात ही कृती प्रत्यक्ष करून दाखवताना वापरलेल्या फळांच्या बागेची फवारणी नोंदवही सोबत ठेवावी. शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाच्या लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी उपस्थितांनी स्वतः ताडून पाहावा. कालावधी पूर्ण झाला नसल्यास काढणी पुढे ढकलावी. नोंद उपलब्ध नसलेल्या किंवा मेणाचा थर दिलेल्या फळांचा गर वापरावा, साल मात्र टाळावी. आपल्या बागेतील फळ सालीसह स्वतःच्या घरच्या तव्यात घालण्यास बागायतदार निःशंकपणे तयार असेल, तर ते ग्राहकाच्या हाती देण्यासही योग्य समजावे.