रक्तमेह, बालकांतील

मूत्रावाटे रक्तातील तांबड्या कोशिका बाहेर पडणे, या लक्षणास रक्तमेह म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. त्याचे कारण वृक्कापासून (मूत्रपिंडापासून) मूत्रमार्गापर्यंत कोठेही असू शकते. म्हणून मूत्रात खरोखरच रक्त आहे काय आणि ते कोठून येते, हे निदानातील पहिले दोन प्रश्न होत.

लाल मूत्रात रक्त असतेच असे नाही. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगावरील रिफँपिसीन या औषधानेही मूत्राला तांबूस रंग येतो. नवजात अर्भकाच्या लंगोटावर यूरेट लवणांचे गुलाबी डाग पडतात. रासायनिक पट्टीवरील परीक्षा मूत्रात केवळ मुक्त हीमोग्लोबिन किंवा स्नायूंतील रंगद्रव्य असतानाही होकारार्थी ठरते. त्यामुळे ताज्या मूत्राची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आवश्यक असते.

चहासारखे तपकिरी मूत्र, वेड्यावाकड्या आकाराच्या तांबड्या कोशिका, त्यांचे दंडगोलाकार साचे व जोडीला प्रथिन आढळल्यास रक्तस्रावाचे मूळ वृक्कातील केशिकागुच्छांत असते. भडक लाल मूत्र, रक्ताच्या गुठळ्या, लघवीच्या वेळी जळजळ किंवा पोटात कळा असल्यास मूत्राश्मरी (मुतखडा), जंतुसंक्रामण वा इजा यांचा शोध घेतात.

पूर्ववृत्तही तितकेच उपयुक्त असते. घसादुखीनंतर एक-दोन आठवड्यांनी किंवा त्वचेवरील पुवाळलेल्या फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी रक्तमेह झाल्यास स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे उद्‌भवणाऱ्या वृक्कशोथाचा संशय येतो. अशा वेळी रक्तातील सी-३ हे पूरक प्रथिन घटलेले आढळते. घसादुखीबरोबर किंवा एक-दोन दिवसांतच मूत्र लाल झाल्यास आयजीए वृक्कविकाराचा विचार करतात. कुटुंबात वृक्कविकार व बहिरेपणा असल्यास सेसिल आल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये वर्णिलेली आनुवंशिक विकृती संभवते. विदर्भासारख्या ज्या भागांत सिकलसेल विकृती आढळते, तेथील बालकांत तिची रक्तपरीक्षा उपयुक्त असते. लहान बालकाच्या पोटात गाठ लागल्यास विल्म्स अर्बुदाच्या (वृक्कातील कर्करोगाच्या) शक्यतेमुळे श्राव्यातीत ध्वनिचित्रण त्वरित करतात.

चेहऱ्यावर सूज, मूत्राचे अल्प प्रमाण व वाढलेला रक्तदाब ही धोक्याची चिन्हे होत. त्यामुळे रक्तमेह असलेल्या प्रत्येक बालकाचा रक्तदाब मोजणे अगत्याचे असते. उलटपक्षी, बालक अन्यथा निरोगी असून मूत्रात प्रथिन नसल्यास व रक्त केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच दिसत असल्यास मूत्रपरीक्षा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करतात. असा रक्तमेह पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. दुर्बिणीने मूत्राशय तपासण्याची गरज बालकांत क्वचितच पडते.