पडद्यामागचं घड्याळ

डोळ्याचा मागचा पडदा दुखत नाही. बोटात कुसळ रुतलं तर माणूस कळवळतो; मधुमेहाने या पडद्यावरच्या केशवाहिन्या वर्षानुवर्षं पाझरत राहिल्या तरी त्याला पत्ता नसतो. एक डोळा अधू झाला तर दुसरा सांभाळून घेतो आणि रोजची कामं चालू राहतात. म्हणून पडद्याच्या विकारात रुग्णाच्या तक्रारीची वाट बघून भागत नाही, कुणीतरी आत डोकावून पाहावं लागतं. पाहण्याची साधनं गेल्या पावणेदोनशे वर्षांत कुठच्या कुठे गेली. उपचार मात्र बहुतेक सगळे उरलंसुरलं राखण्याचेच आहेत, कारण पडद्याची मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यामुळे या साऱ्या प्रगतीचं मोल रुग्ण कधी पोचला यावर ठरतं, असं माझं मत आहे.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या तळाशी काय आहे, हे १८५० पर्यंत डॉक्टरांना नीट दिसतच नव्हतं. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड आला त्याच वाटेने परततो आणि त्या वाटेत डोकं घातलं की उजेडच अडतो. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने काचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून उजेड आत सोडून ही अडचण सोडवली आणि १८५१ मध्ये आपलं उपकरण प्रसिद्ध केलं. त्याआधी चार वर्षं चार्ल्स बॅबेजने असंच एक उपकरण बनवून लंडनच्या एका नेत्रवैद्याला दाखवलं होतं, पण त्या वैद्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. (गणकयंत्रातही बॅबेजचं नशीब याहून फारसं बरं नव्हतं.)

दिसायला लागलं, तरी करता काही येत नव्हतं. पडदा सुटणं हा तेव्हा जवळजवळ अंधत्वाचा निकालच होता. ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटतो, आणि डॉक्टर रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात निश्चल पडून राहायला सांगत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांचं म्हणणं वेगळं होतं. पडद्याला आधी भोक पडतं, त्यातून द्रव मागे शिरतो आणि मग पडदा सुटतो. तेव्हा भोक शोधा, डोळ्याच्या बाहेरून त्याची नेमकी जागा काढा आणि तिथे तापलेल्या सुईने डागून ते बंद करा. तपासणीत तासन्‌तास जात. समकालीनांनी बरीच वर्षं त्यांना दाद दिली नाही. १९२९ च्या अ‍ॅम्स्टरडॅम परिषदेत ती मिळाली. आज पद्धती बदलल्या, तरी आधी भोक शोधायचं हा गोनँ यांचा नियम कायम आहे. आणि पडद्याचा मध्यबिंदू सुटण्याआधी रुग्ण आला तर नजर वाचण्याची आशा कितीतरी जास्त असते, हेही तितकंच कायम आहे. डोळ्यापुढे एकाएकी काजवे चमकले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेने सावली सरकू लागली, तर ‘सणवार उरकले की दाखवू’ म्हणणं परवडत नाही.

लेसरची गोष्ट सूर्यग्रहणापासून सुरू होते. ९ जुलै १९४५ चं ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या पडद्यावर भाजल्याचे डाग उमटले. हॅम्बुर्गमध्ये असा एक रुग्ण गेर्ड मायर-श्विकेराट यांनी तपासला आणि त्यांच्या मनात आलं, की जो उजेड चुकून डाग पाडतो, तोच मुद्दाम नेम धरून वापरला तर? रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे लावून त्यांनी सूर्याचा झोत रुग्णाच्या डोळ्यात सोडला. हॅम्बुर्गच्या ढगाळ हवेत हा उपचार सूर्याच्या मर्जीवर चाले! पुढे कार्बन आर्क आला, मग झाइस कंपनीचा झेनॉन दिवा आणि १९६० नंतर लेसर. मधुमेही पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक डाग दिले, तर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवून दिलं. मोबदल्यात कडेची आणि रात्रीची नजर थोडी उणावते.

निदानाची पुढची पावलं झपाट्याने पडली. इंडियानातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, नोव्हॉटनी आणि अ‍ॅल्व्हिस यांनी, शिरेत फ्लुओरेसिन रंग टोचून पडद्यावरचं रक्ताभिसरण कॅमेऱ्यात पकडलं. पहिला रंग टोचून घेतला तो अ‍ॅल्व्हिसनेच. १९९१ मध्ये ओसीटी ही तपासणी आली आणि सुई न टोचता, उजेडाच्याच मदतीने पडद्याचे थर आडवे कापल्यासारखे दिसू लागले. शस्त्रक्रियेत रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये मायामीत डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा गर बारीक छिद्रातून कापून ओढून घेण्याची रीत बसवली. आधीचे प्रयोग त्यांनी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यावर केले होते.

मग आली इंजेक्शनं. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन नेपोलियोन फेरारा यांनी १९८९ मध्ये वेगळं काढलं. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब, म्हणजे अवास्टिन, २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा इवलासा अंश डोळ्यात टोचून पाहिला आणि पडद्याची सूज उतरली. अवास्टिन बनवणाऱ्याच कंपनीचं खास डोळ्यांसाठीचं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं. अमेरिकेत तेव्हा त्याच्या एका मात्रेची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती आणि अवास्टिनच्या अंशाची पन्नासच्या आसपास. दोन्हींची समोरासमोर चाचणी सरकारी पैशावर झाली. उतारवयातल्या पडद्याच्या झिजेवर दोन्ही जवळपास सारखीच उतरली, हा निकाल २०११ मध्ये लागला. अवास्टिनची मोठी बाटली अनेक मात्रांत वाटताना जंतुसंसर्गाची भीती असते; भारतात २०१६ मध्ये त्याच्या डोळ्यातल्या वापरावर काही आठवडे गदा आली होती. अहमदाबादच्या इन्टासने २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचं जैव-समरूप आणलं आणि खिशाला बसणारी चाट थोडी हलकी झाली.

इंजेक्शनांनी क्रांती केली यात वाद नाही. पण एकाने भागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा, वर्षानुवर्षं. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी बळावलेल्या मधुमेही पडद्याचे असे रुग्ण तपासले, जे उपचार अर्धवट सोडून सहा महिन्यांहून अधिक काळ फिरकले नव्हते. लेसर झालेल्यांपेक्षा नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांची अवस्था वाईट होती. लेसरला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावं. एसटीचं तिकीट, बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचा खाडा मोजावा लागतो तिथे एकदाच नीट दिलेलं लेसर मला जास्त भरवशाचं वाटतं.

सगळ्यात कडक मुदत असते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. त्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या पसरलेल्या नसतात आणि नंतर त्या भलत्याच वाढू लागतात. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचे, फारच लहान बाळांचे त्याहून आधी, असा भारतातला दंडक आहे. उपचाराची गरज ठरली की हाताशी दोन-तीन दिवसच असतात. कर्नाटकात २००८ पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गाडीने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात आणि छायाचित्रं तज्ज्ञाकडे पाठवतात. महागडं यंत्र शहरात शोभेला ठेवण्यापेक्षा त्याला चाकं लावणं शहाणपणाचं ठरलं.

मोठ्यांचं गणित त्याहून अवाढव्य आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. या सगळ्यांचा पडदा दरवर्षी तपासायचा तर तेवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून संगणकावर भिस्त आहे. मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांच्याकडच्या छायाचित्रांचा आधार घेतलेलं गुगलचं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मधुमेहाची इजा ओळखण्यात यंत्र नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचं ठरलं.

घोडं अडलं ते पुढे. गुगलच्याच संशोधकांनी थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत हे यंत्र वापरात असताना पाहणी केली आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. खोलीत पुरेसा अंधार नाही, छायाचित्र धूसर, म्हणून यंत्राने दर पाचांत एकाहून जास्त छायाचित्रं नाकारली. नाकारलं की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवायचं, असा नियम होता. आजार असो वा नसो, त्याचा एक दिवस आणि प्रवासखर्च गेलाच. हे पाहून काही ठिकाणी परिचारिकाच रुग्णांना हळूच सांगू लागल्या, की या पाहणीत भाग घेऊ नका.