रस्त्याची रुंदी, पाण्याची नळी आणि इमारतीची उंची : छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवस्तीचा उभा विस्तार

छत्रपती संभाजीनगर हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने आडवे वाढले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ते हळूहळू उभे वाढू लागले. जालना रोड, अदालत रोड, उस्मानपुरा आणि उल्कानगरी या पट्ट्यांत, तसेच दक्षिणेकडे बीड बायपासच्या दोन्ही अंगांना बहुमजली इमारती उभ्या राहत असून, जागा कमी पडली, जमिनीचे भाव वाढले म्हणून इमारती उंच झाल्या, असे त्यांचे सरसकट स्पष्टीकरण दिले जाते. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. उत्तरेकडील लेण्यांच्या आणि दक्षिणेकडील साताऱ्याच्या डोंगरांचा अपवाद सोडला, तर या शहराला मुंबईप्रमाणे भूगोलाने कोंडलेले नाही. पूर्वेला शेंद्र्याच्या आणि दक्षिणेला बिडकीनच्या बाजूस ऑरिक या औद्योगिक नगरासाठी सुमारे दहा हजार एकर जमीन उपलब्ध होऊ शकली, यावरूनही ते ध्यानात यावे. येथे इमारतीची उंची ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत : तिच्यासमोरच्या रस्त्याची रुंदी आणि तिच्यापर्यंत पोहोचणारे पाणी. पहिली गोष्ट नियमावलीत स्पष्टपणे लिहिलेली आहे. दुसरी कोठेही लिहिलेली नसली, तरी प्रत्येक रहिवाशाला ठाऊक आहे.

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी या खेड्याच्या जागी नगर वसवले, तेव्हा लोकवस्तीसोबतच पाण्याचीही आखणी झाली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झरे भूमिगत नहरींतून गावात आणणारी ही योजना, म्हणजेच नहर-ए-अंबरी, पुढे अनेक शाखांनी वाढत गेली. 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले, त्यानंतरच्या काळात तटबंदी उभी राहिली आणि तटाच्या आत गुलमंडी, मछली खडक, सराफा, सिटी चौक, रंगारगल्ली, कुंभारवाडा अशी दाट वस्ती तयार झाली. या वस्तीतील घर एक किंवा दोन मजल्यांचे, आत चौक आणि वर माळवद असे असे. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर काटक्यांचा वा पाल्याचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती, अशा पद्धतीने घातलेले हे सपाट छप्पर पावसाळ्याआधी नव्याने माती टाकून दुरुस्त करावे लागे. मातीचे वजन तुळया आणि जाड भिंती पेलत असल्याने अशा घरावर मजले चढवण्यास मर्यादा होती. घरांमधील गल्ल्या माणसे, जनावरे आणि फार तर बैलगाडी यांच्या मापाच्या होत्या. त्याच गल्ल्यांचे माप आजच्या नियमावलीत निर्णायक ठरले आहे.

1763 मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेल्यानंतर शहराचा विस्तार दीर्घकाळ थंडावला. वाढीचा नवा कालखंड स्वातंत्र्योत्तर आहे. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, साठच्या दशकापासून रेल्वे स्टेशन परिसर व चिकलठाणा येथे औद्योगिक वसाहती आल्या, 1981 मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू होऊन त्यामागे सुट्या भागांच्या उद्योगांची रांग लागली. प्राध्यापक, वकील, सरकारी कर्मचारी आणि कारखान्यांतील कामगार असे नानाविध लोक मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून येथे आले. 1991 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आत होती; ती 2001 मध्ये पावणेनऊ लाखांच्या जवळ आणि 2011 मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. या लोंढ्याला पहिले उत्तर दिले ते राज्य शासनाच्या नगरविकास महामंडळाने, म्हणजे सिडकोने. एन-1, एन-2 अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या सेक्टरांत रो-हाउस, बैठी घरे आणि छोटे भूखंड यांची आडवी वसाहत झाली, जी 2006 मध्ये महापालिकेकडे हस्तांतरित करण्यात आली. ज्यांना सिडकोही परवडली नाही, ते गुंठेवारीत गेले. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे बॉंडपेपरवर विकून, अकृषिक परवानगी आणि मंजूर रेखांकन यांशिवाय उभ्या राहिलेल्या या वस्त्या 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने आणि त्याच्या 2021 मधील दुरुस्तीने नियमित करण्याची सोय झाली. त्यांतील रस्त्यांच्या रुंदीचा प्रश्न मात्र कायद्याने मिटला नाही.

तटाबाहेरच्या मध्यवस्तीत, म्हणजे समर्थनगर, निराला बाजार, उस्मानपुरा, ज्योतीनगर या भागांत, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली. खाली खांबांवर उभी पार्किंगची मोकळी जागा, वर तीन किंवा चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन ते चार सदनिका आणि रस्त्याच्या बाजूस दुकानांचे गाळे, असा त्यांचा ठरलेला नमुना होता. हा नमुना सौंदर्यदृष्टीने घडलेला नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर व त्याहून अधिक उंचीच्या इमारतीला उंच इमारत मानते आणि ही रेषा ओलांडली की अग्निशमनाच्या पाण्याची टाकी, जिन्यांची रचना, मोकळ्या जागा यांविषयीच्या अटी कडक होतात व त्यांसोबत खर्चही वाढतो. त्यामुळे रेषेच्या जरा अलीकडे थांबणे बांधकाम व्यावसायिकाला परवडत असे. शहराच्या मध्यभागाची क्षितिजरेषा दोन-तीन दशके इतकी एकसारखी राहिली, यामागे अभिरुचीपेक्षा हा हिशेब अधिक आहे.

हा हिशेब डिसेंबर 2020 मध्ये बदलला. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने चटई क्षेत्र निर्देशांक रस्त्याच्या रुंदीशी पद्धतशीरपणे जोडला. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीभाषेतील एफएसआय, हे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण बांधकामाचे असलेले प्रमाण होय. दाट जुन्या वस्तीबाहेरच्या भूखंडाला महापालिका क्षेत्रात मूळ निर्देशांक 1.10 मिळतो; समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल, तर तेथेच गाडी थांबते. रस्ता रुंद असेल, तर शासनाला अधिमूल्य भरून घेतलेला निर्देशांक आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, यांची त्यात भर घालता येते. अशा रीतीने 9 ते 12 मीटर रस्त्यावर कमाल मर्यादा 2 पर्यंत आणि 30 मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर 3 पर्यंत जाते. याखेरीज जिने, लिफ्ट, बाल्कनी आदींसाठी निवासी इमारतीत 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते. एक हजार चौरस मीटरचे दोन भूखंड घेतले, एक आठ मीटरच्या गल्लीत आणि दुसरा तीस मीटरच्या रस्त्यावर, तर पहिल्यावर अनुषंगिक क्षेत्र धरून जास्तीत जास्त 1,760 आणि दुसऱ्यावर 4,800 चौरस मीटर बांधकाम होऊ शकते. दोन्ही भूखंड एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असले, तरी त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे.

टीडीआरची यंत्रणा येथे थोडी उलगडून पाहावी लागते, कारण जुन्या आणि नव्या मध्यवस्तीला जोडणारा तोच छुपा दुवा आहे. रस्तारुंदीकरणात किंवा आरक्षणात जमीन देणाऱ्या मालकाला रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. ते त्याला दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकता येते आणि जमिनींच्या शासकीय दरांचे प्रमाण लावून ते शहरात अन्यत्र वापरता येते. 2011 मध्ये जुन्या शहरात मोठी रुंदीकरण मोहीम झाली, तेव्हा कित्येक घरांचे दर्शनी भाग कापले गेले. अशा मोहिमेत गल्लीतली जी जागा जाते, तिचे हक्क जालना रोडसारख्या रस्त्यावर एखादा वरचा मजला होऊन उभे राहू शकतात. शहराच्या एका भागाने जागा सोडायची आणि दुसऱ्याने उंची घ्यायची, ही वाटणी कागदोपत्री निर्दोष आहे. मात्र गल्लीतला दुकानदार टीडीआरच्या बाजारभावाचा अंदाज घेण्यात बिल्डरच्या तोडीचा असतो, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. 2025 च्या जून-जुलैमध्ये मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव या मार्गांवर महापालिकेने हजारो बांधकामे पाडली, तेव्हा वाहतूककोंडीची चर्चा अधिक झाली. परंतु रस्ता विकास आराखड्यातील पूर्ण रुंदीचा झाला की त्याच्या कडेच्या भूखंडांची बांधकामक्षमताही वाढते, ही बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली.

रुंद रस्ता असूनही उंचीला आडवे येणारे निर्बंध दोन ठिकाणी आहेत. चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने विमानांच्या चढ-उताराची रेषा सिडको-मुकुंदवाडीच्या बाजूने शहराकडे येते आणि त्या पट्ट्यात विमानतळ प्राधिकरणाच्या रंगसंकेत नकाशानुसार ठरलेल्या उंचीपलीकडे ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय जाता येत नाही. बिबी का मकबऱ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित आहे. शहराच्या तटबंदीच्या जुन्या दरवाजांपैकी बहुतेकांना हे कवच नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही नकाशावर रंगवून दाखवता येत नाही. शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते आणि तेथून चढावर पंपाने आणलेले पाणी अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे पाच ते आठ दिवसांआड मिळत आले आहे. खासगी कंपनीमार्फत राबवायची ‘समांतर’ जलवाहिनी योजना 2016 मध्ये करार रद्द होऊन संपली. त्यानंतर डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. अडीच मीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी, धरणातील जॅकवेल आणि नक्षत्रवाडीचे जलशुद्धीकरण केंद्र असा पसारा असलेल्या या योजनेचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला आणि मुदती एकामागून एक उलटत राहिल्या. या पार्श्वभूमीवर साठ सदनिकांच्या एका इमारतीचा हिशेब मांडून पाहावा. घरटी साडेचार माणसे धरली तर रहिवासी 270 होतात आणि माणशी दररोज 135 लिटर या प्रचलित मानकाने त्यांना रोज 36,450 लिटर पाणी लागते. नळ आठ दिवसांनी येणार असेल, तर एका खेपेचे 2 लाख 91 हजार लिटरांहून अधिक पाणी साठवावे लागेल, म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि जवळपास तीन मीटर खोल हौद पार्किंगखाली खणावा लागेल, तोही थोड्याशा मुरुमाखाली लागणाऱ्या काळ्या पाषाणात. शिवाय तेवढे पाणी नळाच्या त्या काही तासांत, त्या दाबाने उतरले पाहिजे. ते उतरत नाही, आणि म्हणून माहितीपत्रकातील क्लबहाउस व जलतरण तलावाच्या चित्रांमागे प्रत्यक्षात बोअर आणि टँकर यांची व्यवस्था असते.

बोअरची भिस्तही मर्यादित आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी दगडाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते; सलग भूजलसाठा असा नसतोच. एका भूखंडावर पाणी लागते आणि शेजारी दोनशे फुटांवर कोरडी धूळ निघते, हा येथील नेहमीचा अनुभव आहे. पावसाचे पाणी मुरवण्याची अट नियमावलीत आहे. पण पार्किंगसाठी सगळे अंगण फरसबंद झाल्यावर मुरवण्याचा खड्डा बहुधा भोगवटा प्रमाणपत्रापुरता उरतो. डोंगरातून येणाऱ्या नहरींपैकी काहींत अजूनही पाणी असताना, त्यांच्या मार्गावरची बांधकामे आणि खोदाई त्यांना ठिकठिकाणी इजा करत आली आहेत, ही विसंगती विशेष नोंदवण्याजोगी आहे.

नव्या इमारतींच्या झगमगाटात जो प्रश्न मागे पडला आहे, तो ऐंशी-नव्वदच्या दशकांतील अपार्टमेंटचा. त्यांपैकी अनेक इमारती आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या असून, स्लॅबचे पोपडे, गंजलेल्या सळ्या आणि झिरपणारी स्वच्छतागृहे ही त्यांची लक्षणे सर्वपरिचित आहेत. पुनर्विकासाचा मार्ग खुला आहे खरा, पण पहिली अडचण मालकीची येते. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी संस्थेच्या नावे होण्याचा दस्त, झालेला असावा लागतो; तो विकसकाने करून दिला नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद 2008 च्या दुरुस्तीने आली. 1970 च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील इमारतीत प्रत्येक सदनिकाधारकाचा जमिनीत अविभक्त हिस्सा असल्याने पूर्वी एकाच्या नकारानेही सगळे अडत असे. 2018 च्या दुरुस्तीनंतर बहुमत पुरेसे झाले. दुसरी अडचण पुन्हा रस्त्याची आहे. मुख्य रस्त्यावरील इमारतीला वाढीव निर्देशांकातून बिल्डरचा नफा निघतो, म्हणून तिच्याकडे प्रस्ताव आपणहून येतात. तिच्या मागच्या गल्लीतील तेवढ्याच वयाच्या इमारतीकडे कोणी फिरकत नाही, कारण तेथे विकायला जादा सदनिकाच निघत नाहीत.

अशा मागच्या इमारतींत पहिल्या पिढीचे खरेदीदार आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत आणि त्यांतील अनेक इमारती लिफ्टविना बांधल्या गेल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या रहिवाशांना तातडीची निकड पुनर्विकासापेक्षा लिफ्टची असते. ती बाजूच्या मोकळ्या जागेत लोखंडी सांगाडा उभारून बसवता येते, परंतु त्यासाठी महापालिकेची परवानगी, सभासदांचा ठराव आणि सर्वांची वर्गणी लागते. पहिल्या मजल्यावरचा सदनिकाधारक आपल्याला तिचा उपयोग नाही म्हणून वर्गणीला नकार देतो, वरच्या मजल्यावरचे सगळा भार उचलायला तयार होत नाहीत, आणि ठराव पुढच्या वार्षिक सभेवर ढकलला जातो.