न विकलेल्या टेकड्या

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत साउथ डकोटा नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम सीमेवर पाइन वृक्षांनी दाटलेल्या, दुरून काळ्याभोर दिसणाऱ्या टेकड्या आहेत. लाकोटा लोक त्यांना ‘पाहा सापा’ म्हणजे काळ्या टेकड्या म्हणतात. या टेकड्यांचा मोबदला म्हणून लाकोटा व त्यांचे भाऊबंद यांच्या नावे सरकारी खात्यात एक अब्जाहून अधिक डॉलर पडून आहेत, आणि ते उचलावयास कोणी तयार नाही. हे लोक सधन आहेत म्हणावे, तर त्यांचा पाइन रिज हा मुलूख त्या देशातील अत्यंत दरिद्री भागांत मोडतो. मग हा निग्रह कशासाठी?

याचे उत्तर आम्हांस त्यांच्या इतिहास जपण्याच्या रीतीत दिसते. आपण माणसाचे वय पावसाळ्यांत मोजतो, लाकोटा हिवाळ्यांत मोजतात. ‘वानियेतु’ या त्यांच्या शब्दाचा अर्थ हिवाळा आणि वर्षही. वर्ष सरले की जाणती मंडळी विचारविनिमय करून त्या वर्षाची एक ठळक घटना निवडीत, आणि राखणदार तिचे चित्र कातड्यावर काढी. पुढे त्या चित्रावर बोट ठेवून तो सगळी हकिकत सांगे. १८३३ च्या नोव्हेंबरात आकाशातून उल्कांचा वर्षाव झाला. ते ‘तारे पडल्याचे वर्ष’ अशा अनेक चित्रमालिकांत आढळते. देवीच्या साथींची वर्षेही तेथे आहेत. जे एकदा नोंदले, ते पिढ्यान् पिढ्या सांगितले जाई. अशा समाजाला दिलेला शब्द सहसा विसरत नाही.

आणि शब्द दिला गेला होता. १८६८ च्या फोर्ट लारामी येथील तहाने या टेकड्यांसह मोठा प्रदेश त्यांच्याकडे राहिला. तेथील जमीन सोडावयाची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, अशी अट तहातच होती. १८७४ मध्ये कस्टरच्या लष्करी मोहिमेला तेथे सोने आढळले आणि खाणवाल्यांची रीघ लागली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा व त्यांच्या मित्रांनी कस्टरचा पराभव केला. तथापि त्याच वर्षी सरकारने बजावले की, टेकड्या सोडल्याखेरीज शिधा मिळणार नाही. सह्या मिळाल्या त्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या. तरी १८७७ च्या कायद्याने टेकड्या घेण्यात आल्या.

पुढे १८८३ मध्ये सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी आली. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे सैन्याने स्त्रिया-मुलांसह शेकडो लाकोटांना गोळ्या घातल्या. अखेर १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली: मूळ किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचे व्याज. जमीन मात्र परत मिळाली नाही. पैसे स्वीकारले की विक्री मान्य केल्यासारखे होईल, म्हणून त्यांनी ते नाकारले. ती रक्कम व्याजाने वाढतच राहिली.

२०१२ मध्ये याच टेकड्यांतील ‘पे-स्ला’ हे पवित्र माळरान विक्रीस निघाले. तेव्हा लाकोटा व त्यांच्या भाऊबंद जमातींनी वर्गणी जमवून सुमारे ९० लाख डॉलरना ते खरेदी केले. सरकारी खात्यातील रकमेला मात्र त्यांनी हात लावला नाही.