चहा थांबेल, भाकरी चालेल!

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडला की दोन गोष्टी होतात. डॉक्टर एक छोटीशी गोळी लिहून देतात आणि बाकी सगळं जग एक मोठ्ठी यादी देतं. कोबी बंद, फ्लॉवर बंद, शेंगदाणे नकोत, सोयाबीनकडे तर बघायचंही नाही. ऑफिसातली मैत्रीण सांगते, जिमचा ट्रेनर सांगतो, फॅमिली ग्रुपवरची मावशीही सांगते. गंमत म्हणजे गोळी कधी आणि कशाबरोबर घेतेस, हे मात्र कुणीच विचारत नाही.

या यादीत आता बाजरीचीही भर पडलीय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि बाजरी एकदम ‘इन’ झाली. पाठोपाठ ‘थायरॉइड असेल तर बाजरी विसरा’ असे मेसेजही फिरायला लागले. मग बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यासारख्या गावातून पुण्यात नोकरीला आलेल्या मुलीनं करायचं काय? गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, चहूकडे ऊस, जवळच माळेगावचा साखर कारखाना. पण थंडीत ताटात येणार ती तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि कूट घातलेली मेथीची भाजी. शनिवारी घरी गेली की आई हेच वाढणार. यादी पाळायची म्हटली तर आईच्या हातचं काही खायलाच नको!

तर मंडळी, टेन्शन घेऊ नका. एकेक करून बघूया.

कंपनी मोठी आहे

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचं हार्मोन शरीराचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, थंडी सहन न होणं अशी रांग लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात साधारण दहात एकाचा थायरॉइड मंद निघाला. म्हणजे तुमच्या फ्लोअरवरही दोन-चार जण असणारच!

आपल्याकडे आता आयोडिनयुक्त मीठ घरोघरी पोचलंय. त्यामुळे बऱ्याचदा कारण जेवणात नसतंच. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून या ग्रंथीवर हल्ला करते. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. कोबी सोडून हा हल्ला थांबत नाही.

ससे, उंदीर आणि आपण

मग कोबी बदनाम कसा झाला? १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रयोगासाठी पाळलेल्या सशांना गलगंड झाला. ससे मुख्यतः कोबीवरच वाढत होते. आपण काही तिन्ही त्रिकाळ कच्चा कोबी खात नाही. शिजवल्यावर त्यातल्या थायरॉइडला त्रास देणाऱ्या घटकांचा जोर बराच कमी होतो. तेव्हा डाळ घालून केलेली कोबीची भाजी बिनधास्त खा. रोज ग्लासभर कच्च्या पालेभाज्यांची ‘ग्रीन स्मूदी’ मात्र जरा आवरा.

बाजरीची केस थोडी वेगळी. १९८०च्या दशकात सुदानच्या दारफुर भागातल्या गलगंडाचा अभ्यास झाला. तिथे बाजरी हेच मुख्य अन्न होतं आणि आयोडिनचा तुटवडा होता. बाजरीतले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. भाजल्या-शिजवल्यानं हे घटक पूर्ण जात नाहीत, हेही खरं. पण आपलं ताट बघा. कधी ज्वारी, कधी गहू, कधी भात, थंडीत बाजरी आणि भाजीत आयोडिनचं मीठ. अशा ताटात आठवड्यातून तीन-चार वेळा बाजरीची भाकरी आली म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त ‘मिलेट डाएट’च्या नावाखाली सकाळ-दुपार-संध्याकाळ बाजरीच, असं करू नका. चिमूटभर कुटानंही काही बिघडत नाही.

खरी भानगड चहाची

खरी गडबड होते ती सकाळी सातला. उठल्या उठल्या चहा, चहासोबत गोळी, वर दोन बिस्किटं. झालं! चहा-कॉफीमुळे आणि खाण्यामुळे गोळी पोटातून नीट शोषलीच जात नाही. मग टीएसएच वाढलेला दिसतो, डोस वाढतो आणि बिचारी भाकरी उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

नियम सोपा आहे. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा ते एक तास काही नाही. चहा गुळाचा असला तरी सूट नाही! नाइट शिफ्ट असेल तर डॉक्टरांना विचारून झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. सोयाही गोळीपासून लांबच ठेवा.

केस गळतात म्हणून बायोटिन खाताय? त्यानं रक्ताचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

गुलाबी मिठाची फॅशन

समुद्राच्या माशांतून आयोडिन मिळतं, पण बारामती-इंदापूरच्या ताटात येतात ते बहुतेक उजनीचे मासे. गोड्या पाण्यातल्या माशांत ते कमीच. दूध आणि अंड्यांतून थोडंफार मिळतं, पण मुख्य आधार मिठाचा. म्हणूनच देशात खाण्यासाठी आयोडिन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतं. सैंधव आणि गुलाबी मिठात ते पुरेसं असेलच असं नाही, पाकीट वाचा. मीठ बंद डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा. आणि ‘जास्त आयोडिन म्हणजे जास्त फायदा’ समजून समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका. त्यानं थायरॉइड आणखी बिघडू शकतो.

वजनाचं काय?

मंद थायरॉइडमुळे वजन वाढतं, पण ते साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातला बराच भाग मीठ-पाण्याचा. बाकीचा हिशोब डेस्कवरच्या बसण्याचा आणि रात्रीच्या पार्सलचा! बद्धकोष्ठता आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल या दोन्हींवर गावाकडचं जेवणच कामाला येतं. भाकरी, मटकीची उसळ, मेथी-शेपू, हुलग्याचं माडगं, वाटीभर ताक. काकवी आणि उसाचा रस मात्र चवीपुरताच. उसाच्या गावातली असलीस तरी साखर ती साखरच!

दोन जिवांची असताना

इथे मात्र चालढकल नको. गर्भाच्या मेंदूची वाढ पहिले काही महिने आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते. दिवस राहिले की गोळीचा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो, म्हणून कळताक्षणी डॉक्टरांकडे जा. नेमक्या याच काळात लोह आणि कॅल्शियमही सुरू होतं, आणि सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या जातात. चार तासांचं अंतर इथे सगळ्यात महत्त्वाचं. लग्न ठरताना सासरी कळू नये म्हणून गोळी लपवणाऱ्या, मग हळूच बंद करणाऱ्या मुली कमी नाहीत. ही लपवाछपवी महागात पडते. चष्म्यासारखी ही गोळी, त्यात लाजायचं काय?

पटकन लक्षात ठेवा

• गोळी आधी, चहा अर्ध्या-एक तासानं.
• लोह-कॅल्शियम चार तास लांब.
• डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
• बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद नको.
• भाज्या शिजवून, धान्यं आलटून-पालटून.

तेव्हा येत्या शनिवारी आईनं भाकरी थापली तर पाट ओढून खुशाल बसा. फक्त रविवारी सकाळी तिनं चहाचा कप पुढे केला, की म्हणा, ‘थांब गं, आत्ताच गोळी घेतलीय!’